भिंतीमागचा खोकला

आमच्या घरात भुतं दुपारी यायची. त्याला कारण लोडशेडिंग. सकाळी वीज जायची, दिवेलागणीला पुन्हा जायची, आणि रात्री आलीच तर किती वेळ टिकेल याचा भरवसा नसायचा. मधली दुपार तेवढी खात्रीची. त्यामुळे अमेरिकेतलं असो की कोरियातलं, भुताला चिखलीत यायचं तर जेवणं आटोपल्यावर, बाहेर वैशाखाचं ऊन रणरणत असतानाच यावं लागायचं. आम्ही खिडकीला गोणपाट टांगून अंधार करायचो, कूलरमध्ये घागरभर पाणी ओतायचो, आणि त्या कूलरच्या घरघरीतून किंकाळ्या ऐकायचो. आजही कुठं वाळ्याचा ओला वास आला की मला आधी गारवा आठवत नाही, पांढऱ्या चेहऱ्याची, केस मोकळे सोडलेली एखादी बाई आठवते.

बाबांची सीडी लायब्ररी घराच्या पुढच्या खोलीत होती, रस्त्याकडे तोंड करून. मधल्या खोलीत आमचा टीव्ही, मागे स्वयंपाकघर, त्यामागे न्हाणी आणि छोटं अंगण. काका-काकू आमच्यातच राहायचे. काकांकडे गावाबाहेरचा मळा होता, वांगी-टमाटे-मेथीचा, आणि पहाटे भाजी बाजारात पोचवून ते परत यायचे तेव्हा अंगाला कोथिंबिरीचा वास असायचा. आई दिवसभर काही ना काही करत असे, पण घाईत कधी नसे. उन्हाळ्यात तिच्या हाताखाली गल्लीतल्या बाया जमायच्या. सकाळी गव्हाचा चीक शिजवायचा, सोऱ्यानं खाटेवर कुरडया घालायच्या, पोरांना वाटीत गरम चीक तेल-तिखट घालून द्यायचा, आणि मग ऊन चढलं की सगळ्या हातपाय धुऊन मधल्या खोलीत. तिथं त्यांना पिक्चर पाहिजे असायचा. प्रेमाचे पिक्चर त्यांना चालायचे, पण भुताचे आवडायचे. कमलमावशी, आमची शेजारीण, म्हणायची, “रडाले घरी सासू हाये. भ्याले इथं येतो.”

त्या वर्षांत अमेरिकेनं एक धडाका लावला होता. जपान, कोरिया, थायलंडकडचे भुताचे पिक्चर विकत घ्यायचे आणि तेच आपल्या गोऱ्या नट-नट्यांना घेऊन पुन्हा काढायचे. बाबा अकोल्याहून माल आणायचे त्यात असल्या सीडीच्या चकत्यांचा नुसता पूर आला होता. हिंदीत डब केलेल्या आल्या तर हातोहात जायच्या. पण अशीच एक आली ती इंग्रजीतच निघाली. बाया ताटकळलेल्या, कूलर चालू, आणि पडद्यावर गोरा माणूस गोऱ्या बाईला काहीतरी समजावून सांगतोय. कमलमावशीनं माझ्याकडं मान वळवली. “वंदे, तू कालेजात इंग्रजी शिकून राह्यली नं? सांग मग, काय म्हनते थो?”

मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते आणि मला माझ्या आवाजाची पूर्ण खात्री होती. इंग्रजी निम्मं कळायचं, उरलेलं मी चेहऱ्यावरून ओळखायचे. टीव्हीशेजारी पाटावर बसले आणि सुरू केलं, “थो म्हनते, अवं, तुले भास होऊन राह्यले. थे म्हनते, भास तुह्या मायले झाले असतील.” खोली हसली. मग मी थांबलेच नाही. नवरा कसनुसं तोंड करून बोलला की मी तसं बोलायचे, बायको कुजबुजली की मीही कुजबुजायचे. पुढं आयुष्यभर मी जे काम केलं, परदेशी पिक्चरांना मराठी-हिंदी संवाद लिहिण्याचं, त्याची सुरुवात त्या पाटावर झाली. पुण्यातल्या स्टुडिओत पहिल्या दिवशी माझं वऱ्हाडी ऐकून दोघं-तिघं हसले होते. मी त्यांना हसू दिलं. ज्या बाईनं कमलमावशीसारख्या प्रेक्षकाला दोन तास जागेवर बसवलंय तिला पुणेकरांची काय भीती?

तर तो अमेरिकन पिक्चर. एक जोडपं मोठ्या लाकडी घरात राहायला येतं. बायकोला स्वयंपाकघरातल्या भिंतीमागून लहान लेकराचा खोकला ऐकू येतो. नवऱ्याला येत नाही. मग म्हातारा शेजारी जुनी हकिगत सांगतो, पोलिस येतात, पाद्री येतो. शेवटी नवरा घण घेऊन भिंत फोडतो, आतून हाडं निघतात, हाडांमागून काळ्या तोंडाचं पोर झेप घेतं, पाद्री मंत्र म्हणतो, घर पेटतं, आणि नवरा-बायको गाडीत बसून हसत निघून जातात. कमलमावशीनं पूर्ण वेळ माझा दंड धरून ठेवला होता आणि शेवटी म्हणाली, “माय वं, एवढं मोठं घर, अन् झाडाले-पुसाले एक बाई नाई ठेवली.”

त्या दुपारी शोभाकाकू पण बसली होती. एरवी ती बसायची नाही. दाराच्या चौकटीला पाठ टेकून, गुडघे पोटाशी घेऊन ती पाहत होती. खोकल्याचा आवाज पहिल्यांदा आला तेव्हा ती अगदी हळू म्हणाली, “पाहा, तिले बी येते ऐकू.”

इथं काकूबद्दल सांगायला हवं. ती माझ्याहून फार मोठी नव्हती. लग्न होऊन आली तेव्हा आम्ही दोघी एका ताटात जेवायचो, गच्चीवर बसून कच्ची कैरी मिठाशी खायचो. पहिल्याच खेपेला सातव्या महिन्यात दवाखान्यात न्यावं लागलं. लेकरू आलं, पण रडलं नाही. तिला गुंगी होती. शुद्धीवर आली तेव्हा पाळण्याची जागा रिकामी होती. काकांनीच ते कापडात गुंडाळून नेलं होतं. घरात कुणीतरी ठरवलं, बहुतेक कुणी न ठरवताच ठरलं, की तिच्यासमोर हा विषय काढायचा नाही. म्हणजे ती लवकर विसरेल. ती विसरली नाही. काही महिन्यांनी तिला न्हाणीच्या भिंतीमागून रडणं ऐकू यायला लागलं. तव्यावर भाकर टाकलेली असायची आणि ती उठून न्हाणीत जायची, भिंतीला कान लावून उभी राहायची. जळक्या भाकरीचा वास आला की आई माझ्याकडं बघायची, आणि मी जाऊन काकूला हाताला धरून आणायचे. तिचा हात गार असायचा. “गेलं आता,” ती म्हणायची, “निजलं वाट्टे.”

आई हे सगळं पोटात ठेवून होती. पण साखरखेर्ड्याहून आत्या आली आणि पोटात ठेवण्याची सोय संपली. आत्या बाबा-काकांची मोठी बहीण, आई आणि काकूची ‘अक्का’. ज्वारीची पिशवी डोक्यावर, पायात पुरुषी चपला, आणि येस्टीतून उतरल्याबरोबर कंडक्टरची चूक काय झाली इथपासून बोलायला सुरुवात. दोन्ही भावांना तिनं आई वारल्यावर वाढवलं होतं, त्यामुळे तिच्या शब्दाबाहेर घरात कुणी जात नसे. मला ती आवडायची. तिच्या हातचे कढी-गोळे मी आजतागायत दुसऱ्या कुणाच्या हातचे तसे खाल्ले नाहीत. पण तिची एकदा एखाद्या गोष्टीबद्दल खात्री झाली की ती हलवायला जेसीबी लागे.

बायांनी हट्ट धरला म्हणून तो पिक्चर मला पुन्हा सांगावा लागला, आणि या वेळी आत्या पुढच्या रांगेत होती. भिंत फुटली, हाडं निघाली, पाद्री आला, तेव्हा तिनं मांडीवर थाप मारली.

“पाह्यलं? अमेरिकेत बी बुवा लागलाच नं? अन् तुम्ही इथं तिले टानिक पाजून राह्यले!”

“आत्या, पिक्चर हाये थो,” मी म्हणाले.

“पिक्चर का हवेतून बनते वं? कुठं तरी झालंच असन. गजानन, हे घर घेतलं तवा न्हानीच्या जागी काय होतं?”

बाबा म्हणाले, “काई नाई, उकिरडा होता.”

“उकिरड्याखाली काय होतं?”

उकिरड्याखाली काय होतं हे कुणाला माहीत असतं? दुसऱ्या दिवशी सकाळी काका पहार घेऊन न्हाणीत उभे होते. मी मध्ये पडले, आईनंही “भाऊजी, राहू द्या” म्हटलं, पण काकांच्या तोंडावर एक प्रकारची आशा होती, आणि तिच्यापुढं आमचं काही चाललं नाही. कित्येक महिने तो माणूस बायकोसाठी काहीच करू शकला नव्हता. आता हाताला काम मिळालं होतं. पहारीचे घाव पडायला लागले. काकू अंगणात तुळशीपाशी उभी. प्रत्येक घावाला तिचे खांदे उडायचे. विटा निघाल्या, माती निघाली, एक गंजका खिळा निघाला, आणि मग आरपार भोक पडून पलीकडच्या बोळातला उजेड आत आला. बोळात कमलमावशीची शेळी बांधलेली होती. तिनं आमच्याकडं पाहिलं आणि चघळत राहिली.

कुणीतरी हसलं असतं, पण काकू पुढं आली. तिनं त्या भोकात कोपरापर्यंत हात घातला, आत चाचपलं, आणि मग काकांकडं वळून विचारलं, “कुठं नेलं त्याले?”

काकांच्या हातून पहार खाली पडली. ते चपला न घालताच मळ्याकडं निघून गेले.

त्या दिवसापासून काकूचं बिनसलं. आधी ती भिंतीपाशी जाऊन परत तरी यायची, आता ती भोकाजवळ बसूनच राहायला लागली. आत्यानं निर्णय दिला की येत्या अमावास्येला तिला एका भगताकडं न्यायचं. तो तीन दिवस ठेवून घेतो, बांधून ठेवतो, आणि उतरवून देतो. कुणाकुणाचं उतरलं त्यांची नावंही तिला पाठ होती. मी म्हटलं, डॉक्टरला दाखवू. मेडिकलवाल्यानं अकोल्याच्या एका डॉक्टरीणबाईंचं नाव सांगितलंय, मनाच्या आजारावर औषध देतात. आत्या म्हणाली, “मन का हात-पाय हाये, प्लास्टर कराले?” बाबा बहिणीकडं बघत होते, मग माझ्याकडं, मग जमिनीकडं. मी घाबरले नव्हते. मनाशी ठरवलं होतं की काकूला बांधायला नेणाऱ्या जीपसमोर मी आडवी पडेन, आणि पडलेही असते.

तशी वेळ आली नाही. त्याच आठवड्यात बाबांनी अकोल्याहून आणलेल्या मालात तीच चकती पुन्हा निघाली. निदान कव्हर तेच वाटत होतं, भिंत आणि भिंतीला कान लावलेली बाई. वैतागून मी ती परत करायच्या गठ्ठ्यात टाकणार, तर बाईचा चेहरा वेगळा दिसला. हा मूळचा पिक्चर होता, कोरियातला, ज्याच्यावरून अमेरिकेनं आपला काढला. खाली इंग्रजी अक्षरं येतील असं कव्हरवर लिहिलं होतं. बाया जमल्याच होत्या. आत्या म्हणाली, “लाव, असली मालात काय हाये पाहू.” काकू न्हाणीत होती. आईनं तिला आणून आपल्याजवळ बसवलं.

मी वाचून सांगायला लागले, आणि थोड्याच वेळात लक्षात आलं की इथं हसवण्यासारखं काही नाही. गोष्ट तीच, पण मोठं घर नाही, दोन खोल्यांचा ब्लॉक. म्हातारा शेजारी नाही, पोलिस नाहीत, पाद्री नाही. बाई भात लावते, कपड्यांच्या घड्या घालते, आणि खोकला आला की हात थांबतो. एवढंच. नवरा वाईट नाही, तो जेवतो, कामाला जातो, आणि भिंतीबद्दल बोलत नाही. भीती अशी की किंकाळी एकही नाही, तरी कमलमावशीनं माझा दंड धरला तो अमेरिकेच्या वेळेपेक्षा जास्त घट्ट. पुढं ती बाई तांदळाची पातळ पेज करते, वाटीत घेते, फुंकून निववते आणि भिंतीपाशी नेऊन ठेवते.

“कण्यावानी दिसते,” कुणीतरी म्हणालं.

“खोकल्याले चांगली,” आई म्हणाली.

या कामात इतकी वर्षं काढल्यावर मी ठामपणे सांगते, अमेरिकन लोकांना भिंत फोडल्याशिवाय चैन पडत नाही. त्यांना मागं काय आहे ते दाखवायचंच असतं. दाखवलं की प्रेक्षक सुटतो. त्या कोरियन माणसानं भिंत शेवटपर्यंत उभी ठेवली आणि आम्हाला बाईच्या बाजूला बसवलं. तेव्हा मला हे शब्दांत सांगता आलं नसतं. तेव्हा मला फक्त एक अडचण दिसत होती, ती म्हणजे चकती नकली असल्यामुळे खालची अक्षरं अचानक बंद झाली.

पडद्यावर ती बाई भिंतीशी बोलत होती. लांबलचक बोलत होती, न रडता. मी तोंड उघडून बसले. कोरियन भाषेतलं मला एक अक्षर येत नव्हतं.

“सांग नं वं,” कमलमावशी म्हणाली.

“अक्षरं गेली, मावशी.”

तेवढ्यात काकू बोलायला लागली. टीव्हीवरची नजर तिनं काढली नव्हती. आवाज साधा होता, जसं बाजारातून काय आणायचं ते सांगावं तसा.

“थे म्हनते, मले दाखवलं नाई. मी झोपेत होतो. उठलो तं काईच नोतं, पोट बी नोतं. मले कोनी सांगतलं नाई का काळं होतं का गोरं होतं. केस होते का. बोटं पुरी होती का. थे म्हनते, दूध येऊन राह्यलं होतं मले, पोलकं भिजे, तं सगळे म्हनत पट्टी बांध. थे म्हनते, सगळे माह्याशी चांगलेच वागले, पन कोनी तोंडच उघडलं नाई. म्हनून थे लेकरू रडते तिकडे. त्याले वाटते मायले माईतच नाई मी आलो होतो म्हनून.”

पडद्यावरची बाई केव्हाच गप्प झाली होती, तिचा नवरा येऊन बूट काढत होता. काकू पुढं म्हणाली, “थे म्हनते, पोरगा होता का पोरगी, एवढं तरी सांगा.”

“पोरगी होती.”

आम्ही सगळ्यांनी माना वळवल्या. काका पुढच्या खोलीच्या दारात उभे होते. ते कधी आले कुणालाच कळलं नव्हतं. हातात मेथीची जुडी तशीच होती.

“पोरगी होती,” ते पुन्हा म्हणाले. “गोरी. तुह्यावानी कपाळ होतं. केस भरपूर होते. बोटं मी मोजली, पुरी होती. मळ्यात हाये, विहिरीच्या अंगाले, जांभळीखाली. मी रोज पानी टाकतो तिथं. मले वाटलं तू... मले वाटलं तुले सांगतलं तं तू मरशीन.”

काकू उठली. ती पडणार असं वाटून आई हात पुढं करून उभी राहिली, पण ती सरळ चालत काकांपर्यंत गेली आणि तिनं त्यांच्या छातीवर दोन्ही मुठींनी मारायला सुरुवात केली. मेथी खाली सांडली. काका मार खात उभे राहिले. मग ती रडली. लेकरू गेल्यापासून ती रडलेली आम्ही कुणी पाहिली नव्हती, हे मला त्या क्षणी कळलं. बाया एकेक करून उठल्या, पदरानं डोळे पुसत मागच्या दारानं निघून गेल्या. कमलमावशीनं जाता जाता टीव्ही बंद केला.

आत्या जागची हलली नव्हती. बऱ्याच वेळानं ती मला म्हणाली, “त्या डाक्टरनीचं नाव काय म्हनली तू?”

दोन दिवसांनी आम्ही सकाळच्या येस्टीनं अकोल्याला निघालो, काका, काकू, मी आणि आत्या. आत्यानं कुणाला विचारलं नाही, ती सरळ येऊन खिडकीपाशी बसली. त्याआधी आदल्या संध्याकाळी काका काकूला मळ्यात घेऊन गेले होते. ते दोघंच गेले. तिथं काय झालं ते मी कधी विचारलं नाही, आणि त्यांनी सांगितलं नाही.

गोळ्या पुष्कळ दिवस चालल्या. कुणाला वाटत असेल की एक पिक्चर पाहिला आणि बाई बरी झाली, तर तसं नाही झालं. पहिल्या गोळ्यांनी ती दिवसभर झोपायची, मग त्या बदलल्या. भिंतीमागचं रडणं आधी कमी झालं, मग लांब गेलं, मग एक दिवस तिला स्वतःलाच आठवेना की शेवटचं कधी ऐकलं. पुढं तिला दोन मुलगे झाले. मळ्यात तिनं रोपवाटिका काढली, ती आज आमच्या भागात नावाजलेली आहे. कुणी विचारलं किती लेकरं, तर ती तीन सांगते. माझ्या कामाचं तिला कौतुक आहे, पण भुताचे पिक्चर ती पाहत नाही. “मले येतात ते पाठ,” म्हणते.

पण मला त्या दवाखान्यातली सकाळ सांगायची आहे. डॉक्टरीणबाई पन्नाशीच्या, चष्मा कपाळावर चढवलेला. आम्ही चौघंही आत शिरलो. त्यांनी विचारलं, “कधीपासून होतंय हे?” आणि सवयीनं आत्यानं खुर्ची पुढं ओढली, पदर सावरला, घसा साफ केला. ती बोलायला लागणार तोच काकू म्हणाली, “अक्का, मी सांगतो.”

आत्यानं तिच्याकडं पाहिलं. तिच्या आयुष्यात तिला असं थांबवणारं कुणी भेटलं नसावं. ती उठली, काकांना दंडाला धरून उठवलं, मला मानेनं खूण केली, आणि आम्हाला बाहेर काढून दार आपल्या हातानं ओढून घेतलं. बाहेर लाकडी बाक होता. आम्ही तिघं ओळीनं बसलो. आतून काकूचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. तो आवाज थांबत नव्हता. एखादी पेशंट येऊन शेजारी टेकली, दुसरी आली, कंपाउंडरनं पंखा चालू केला, आणि तो आवाज चालूच. काका हाताची बोटं एकमेकांत गुंतवून बसले होते. आत्यानं पिशवीतून भाकरी बांधलेलं फडकं काढलं, ते मांडीवर ठेवलं, पण सोडलं नाही.

खूप वेळानं दार उघडलं. काकूचे डोळे सुजलेले होते, केस विस्कटले होते. ती आत्यासमोर येऊन उभी राहिली.

“अक्का, भूक लागली.”

आत्यानं गाठ सोडली, भाकर मोडली, तिच्यावर ठेचा ठेवला, आणि पहिला घास स्वतःच्या हातानं तिच्या तोंडाशी नेला.